पहिला वस्तरा

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत गावी गेलो तेव्हा माझ्यापुढे एक प्रश्न होता. दाढी कशाने करावी? वाचक हसतील, हे मला ठाऊक आहे. देशापुढे एवढे मोठे प्रश्न असताना वार्षिकांकाची पाने दाढीसाठी का खर्च करावीत, असेही कोणी म्हणेल. परंतु ज्याच्या घरातील तीन पिढ्या दुसऱ्यांच्या दाढ्या करण्यात गेल्या, त्याला हा प्रश्न तेवढा हलका वाटत नाही.

मी न्हाव्याचा मुलगा आहे. हे साधे वाक्य लिहायला मला या महाविद्यालयात दीड वर्ष लागले. प्रथम वर्षाला असताना कोणी वडिलांचा व्यवसाय विचारला, तर मी 'आमचे दुकान आहे' एवढेच सांगत असे. समोरच्याने ते किराण्याचे समजावे, अशी माझ्या बोलण्याची बेतशुद्ध मांडणी असे. त्याच वर्षी एका स्नेहसंमेलनातील प्रहसनात हजामाचे पात्र होते. तोंडात पानाचा तोबरा, हातात लाकडी वस्तरा, आणि वाक्यावाक्याला हशा. सभागृह हसले. मीही हसलो. किंबहुना माझ्या शेजाऱ्यांपेक्षा जरा मोठ्यानेच हसलो. घरच्या भाकरीवर वाढलेल्या मुलाला असे हसू कोठून येते, याचा विचार मी त्या रात्री पुष्कळ केला.

आजवर माझी दाढी बाबांच्या दुकानातच होत असे. दुकान गावच्या बस थांब्याजवळ, टिनाचे. बाबांच्या हातातील वस्तरा हा नावाचा वस्तरा. त्यात ब्लेडचे अर्धे पाते बसवायचे, एक गिऱ्हाईक झाले की ते काढून टाकायचे, दुसऱ्याला नवे. परंतु बुलढाण्याला आम्ही तिघे एका खोलीत राहतो. तेथे बाबा नाहीत. एक मित्र वापरून फेकायचे प्लॅस्टिकचे रेझर आणतो, दुसरा चार-पाच पात्यांचे महागडे. मला मात्र वस्तरा हवा होता. खरा, पोलादी, मिटता-उघडता येणारा.

का हवा होता, हेही प्रामाणिकपणे सांगतो. मोबाइलवर एकदा परदेशातील काही माणसे वस्तऱ्याने दाढी करताना पाहिली. सुशिक्षित, सुखवस्तू माणसे. जुना वस्तरा मिळवण्यासाठी ती आनंदाने मोठी किंमत मोजतात, त्याच्या पात्याविषयी कवितेसारखे बोलतात. आणि आमच्या घरी तीच वस्तू माळ्यावर धोकटीत बांधून ठेवलेली, पाहुण्यांच्या नजरेस पडू नये म्हणून! मला आधी अभिमान वाटला, मग राग आला, आणि शेवटी लाज वाटली. ज्या वस्तूची लाज वाटून मी दीड वर्ष खोटे बोललो, तिला परक्याने चांगले म्हटल्यावर मला तिचा अभिमान वाटावा, हे काही भूषणाचे लक्षण नव्हे.

असो. निवड करायची तर माहिती हवी. आमच्या घरी या विषयाचे प्राध्यापक आहेत, ते म्हणजे माझे आजोबा. वय ब्याऐंशी. शाळा दुसरीपर्यंत. हात आता थोडा कापतो म्हणून दहा वर्षांपासून त्यांनी कोणाच्या गालाला वस्तरा लावला नाही. मी विचारले, "आबा, नवा वस्तरा घ्यायचा तर काय पाहून घ्यावं?" तेव्हा म्हातारा असा सावरून बसला, की तासाची घंटा झाली असे वाटावे.

त्यांनी सांगितलेले येथे थोडक्यात देतो. कोणाला घ्यायचा झाल्यास उपयोग होईल. पहिली गोष्ट, चकाकीला भुलू नये. बाजारात आरशासारखे चमकणारे स्वस्त वस्तरे मिळतात. त्यांचे पोलाद मऊ असते आणि धार दोन दाढ्यांत बसते. दुसरी, पाते उघडून वरून खाली डोळ्याच्या रेषेत धरावे. ते सरळ हवे. पीळ असला तर दगडावर ते कधीच सारखे बसणार नाही. तिसरी, पात्याच्या दोन्ही बाजू आतून पोकळ घासलेल्या आहेत का, ते पाहावे. अशा पात्याची पाठ जाड राहते आणि धारेकडचा भाग पातळ होतो. दगडावर वस्तरा आडवा टाकला की पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी टेकतात आणि धारेचा कोन आपोआप सांभाळला जातो. वस्तऱ्याची सगळी हुशारी या पाठीत आहे. चौथी, नवख्याने टोक गोल असलेले पाते घ्यावे; चौकोनी टोक कानाखाली आणि नाकाशेजारी हमखास चावते. पाचवी, रुंदी मध्यम असावी, पाच अष्टमांश इंचाच्या आसपास. फार रुंद पाते नवख्याच्या हातात जड जाते, फार अरुंद पात्यावर साबण मावत नाही.

आणि सहावी, जी दुकानदार सांगत नाही. वस्तरा एकटा विकत घेता येत नाही. त्याच्यासोबत चामड्याचा पट्टा लागतो, धार लावायचा दगड लागतो, आणि सवड लागते. प्रत्येक दाढीआधी पट्ट्यावर तीस-चाळीस फेरे. पाठ पुढे, धार मागे. फिरवताना पाते पाठीवर पालटायचे, धारेवर कधीच नाही. उलटे गेले तर पट्टाही कापतो आणि धारही मरते. दगडाची पाळी काही महिन्यांनी एकदा. दाढी झाल्यावर पाते पुसून कोरडे करायचे, नाही तर या पोलादाला रात्रीतून गंज चढतो. गालाची कातडी दुसऱ्या हाताने ताणायची, पाते तिरपे धरायचे, आणि केसाच्या दिशेनेच जायचे. जोर लावायचा नाही. "जोर लावावा वाटला म्हंजे समज, धार गेली," आजोबा म्हणाले.

हे सारे ज्ञान जगातून झपाट्याने मागे कसे पडले, याची गोष्टही मी नंतर वाचली. किंग कँप जिलेट नावाच्या अमेरिकन विक्रेत्याने बदलता येणाऱ्या पातळ पात्यांचा सेफ्टी रेझर 1903 साली बाजारात आणला. पहिल्या वर्षी अवघे 51 रेझर विकले गेले. 1904 साली त्याला पेटंट मिळाले, विक्री हजारोंवर गेली आणि पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांच्या हाती सरकारनेच असे रेझर दिले. धार लावण्याचे कौशल्य माणसाच्या हातातून निघून कारखान्यात गेले. आपल्याकडे सलूनमध्ये वस्तरा त्यानंतरही पुष्कळ वर्षे टिकला. भारतात 1986 साली एचआयव्हीची लागण प्रथम आढळली. पुढे रक्तातून पसरणाऱ्या रोगांची भीती वाढली आणि हळूहळू अर्ध्या पात्याचे वस्तरे आले. हे योग्यच झाले. एकच पाते अनेकांच्या गालावर फिरवणे धोक्याचे आहे. कावीळही त्यातून पसरते. म्हणून माझे पहिले मत असे, की खरा वस्तरा ज्याचा त्याने स्वतःच्याच गालापुरता ठेवावा. जुन्याचे प्रेम दुसऱ्याच्या रक्तावर नको.

सगळे ऐकून मी म्हणालो, "मग असा वस्तरा मिळणार कुठं?" आजोबा काही बोलले नाहीत. त्यांनी मला माळ्यावरची धोकटी काढायला लावली. कातर, नराणी, पितळेची वाटी, तुरटीचा खडा, कडा उडालेला आरसा, आणि जुन्या धोतराच्या चिंधीत गुंडाळलेला वस्तरा. पात्यावर 'सोलिंगेन' हे जर्मन गावाचे नाव अजून वाचता येत होते. वर्षानुवर्षे दगडावर घासून पाते अरुंद झालेले, पण सरळ. त्यांनी मनगटावरच्या केसांवर ते नुसते टेकवले, आणि केस पडले. मी ठरवून टाकले, माझा पहिला वस्तरा हाच.

येथे लेख संपला असता तर बरे झाले असते. पण दुसऱ्या दिवशी माझा मित्र फराळाला आला. तो आमच्याच गावचा, बौद्ध समाजाचा. बुलढाण्याला आम्ही एकाच खोलीत राहतो. मी मोठ्या कौतुकाने त्याला वस्तरा दाखवला. त्याने तो हातात घेतला, उघडला, मिटला, आणि अगदी साध्या आवाजात आजोबांना विचारले, "आबा, याने माझ्या आजोबाची दाढी केली होती का कधी?"

अंगणात दहाजण असतील. कोणी बोलले नाही. आजोबा म्हणाले, "नाही, बाबू. तवा रिवाजच नव्हता."

मित्राचे आजोबा दाढीसाठी कोठे जात? आपापसात करत. लग्नकार्य असले म्हणजे पायी तालुक्याला जात, जेथे त्यांना कोणी ओळखत नव्हते. हे मला मित्राने त्या रात्री सांगितले. आम्ही दीड वर्ष एका ताटात जेवतो, आणि ही गोष्ट मला त्या दिवशी कळली.

आजोबांनी 1960 च्या सुमारास धोकटी खांद्याला लावली. तेव्हा राज्यघटना लागू होऊन दहा वर्षे झाली होती. अस्पृश्यता नष्ट करणारे सतरावे कलम होते. पंधराव्या कलमात दुकानांत सर्वांना मुक्त प्रवेश लिहिलेला होता. या कलमाच्या मसुद्यावर घटना समितीत 1948 साली चर्चा झाली तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'दुकान' या शब्दाचा अर्थ मुद्दाम व्यापक सांगितला होता. सेवा मागायला येणाऱ्या कोणालाही सेवा देण्याची जेथे मालकाची तयारी आहे, ते दुकान. 1955 साली अस्पृश्यतेविरुद्ध कायदाही झाला होता. दिल्लीत हे सारे होते. आमच्या गावच्या लिंबाखाली नव्हते.

आजोबांची बाजू मी ऐकून घेतली. ती त्यांच्याच शब्दांत देतो. "मी केली असती त मंग मले खळ्यावर कोण उभं राहू देत होतं? वर्षभर दाढ्या करायच्या आणि सुगीला पायलीनं जवारी मागायची. पैसा कोणी देखला होता?" हे खोटे नाही. बलुत्याच्या चौकटीत न्हाव्याला वरच्यांची सेवा नाकारण्याचा हक्क नव्हता आणि खालच्यांची सेवा करण्याची मुभा नव्हती. त्याचे पोट गावाच्या खळ्याशी बांधलेले होते. ज्या गावाने त्याला 'रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी' म्हणून हिणवले, त्याच गावाचा नियम त्याने स्वतःच्या हाताने दुसऱ्यावर चालवला.

पण हे स्पष्टीकरण झाले; समर्थन नव्हे. कारण आमच्याच व्यवसायाच्या इतिहासात दुसराही एक नकार आहे, आणि तो मी या वर्षीच वाचला. पूर्वी ब्राह्मण विधवांचे केशवपन होत असे. ते करायला न्हाव्यालाच बोलावत. 1890 साली मुंबईत शेकडो न्हाव्यांनी सभा घेऊन ठरवले, की यापुढे आम्ही विधवेच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही. या कामी 'दीनबंधू'चे संपादक आणि गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांचा पुढाकार होता. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक विचारांची ती प्रेरणा होती. पोथ्या वाचलेल्या पंडितांना जे अनेक वर्षे उमगले नाही, ते अक्षरओळख नसलेल्या कारागिरांनी संप करून सांगितले.

आणि या गोष्टीचा एक धागा आपल्या बुलढाण्याशी जुळतो. 1882 साली प्रसिद्ध झालेल्या 'स्त्रीपुरुष तुलना' या पुस्तकाच्या लेखिका ताराबाई शिंदे बुलढाण्याच्या. सुरतेच्या एका विधवेवरील खटल्याने आणि त्यानिमित्त साऱ्या स्त्रीजातीवर उडालेल्या शिंतोड्यांनी त्या पेटून उठल्या. विधवेच्या हालांची जबाबदारी त्यांनी पुरुषांच्या पदरात घातली. ते पुस्तक पुढे विस्मरणात गेले. स. गं. मालशे यांनी ते 1975 साली पुन्हा प्रसिद्ध केले. आपल्यापैकी किती जणांनी ते वाचले आहे? मीही या वर्षीच वाचले, तेही ग्रंथपालांनी हातात दिले म्हणून.

तेव्हा वस्तऱ्याचे दोन नकार माझ्यापुढे आहेत. मुंबईच्या न्हाव्यांनी अन्याय करायला नकार दिला. माझ्या आजोबांनी माणसाला नकार दिला. हत्यार तेच, हात तसेच. फरक कशाचा? मला वाटते, दोन गोष्टींचा. मुंबईचे न्हावी रोख पैशावर जगत होते आणि ते एकत्र होते. आजोबा धान्यावर जगत होते आणि एकटे होते. म्हणून नुसत्या उपदेशाने माणूस सुधारत नाही. त्याची भाकर मोकळी व्हावी लागते. याचा पुरावा माझ्याच घरात आहे. बाबांनी लिंबाखालची बैठक मोडून बस थांब्यावर दुकान घातले, पैसे घेऊन काम सुरू केले, आणि पहिल्याच आठवड्यात खुर्चीवर जो येईल त्याला बसवले. काही घरांनी त्यांच्याकडे येणे बंद केले. आजोबा त्यांच्याशी दोन महिने बोलले नाहीत. बाबांनी ही गोष्ट मला कधी सांगितली नव्हती. ती आईने सांगितली. ज्या दुकानाचे नाव मी लपवत होतो, ते दुकान म्हणजे आमच्या घरात घडलेली सर्वांत चांगली गोष्ट होती.

त्याच बाबांचा माझ्या वस्तऱ्याला मात्र विरोध होता. "हे हत्यार हातातून सुटावं म्हणून तुले शिकवलं, आणि तू तेच मागतो!" असे ते म्हणाले. मी म्हणालो, "बाबा, पोटासाठी नाही घेत. लपवायचं नाही म्हणून घेतो." ते बराच वेळ पट्ट्यावर हात फिरवत बसले. मग म्हणाले, "पहिला महिना माह्यासमोर करशील."

सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी मित्र पुन्हा आला. आजोबा ओट्यावर बसले होते. त्यांनी वाटीत पाणी घेतले, पाट सरकवला, आणि त्याला म्हणाले, "बस, बाबू. तुही दाढी करून देतो. नवं ब्लेड लावून देतो, भिऊ नको." हात कापत होता, तरी म्हणाले.

मित्र म्हणाले, "नको आबा. मी करून आलो." आवाजात राग नव्हता. पण तो बसला नाही.

मला त्या क्षणी मित्राचा थोडा राग आला, हे कबूल करतो. म्हातारा माणूस साठ वर्षांनी पाट सरकवतो, बसला असता तर काय बिघडले असते? परत येताना एसटीत मी तसे म्हटलेही. तो खिडकीबाहेर पाहत म्हणाला, "माझ्या आजोबाला बोलावलं असतं तर गोष्ट वेगळी होती. ते गेले. मी त्यांच्या जागी कसा बसू?" मेहकर येईपर्यंत आम्ही दोघेही गप्प होतो.

आता मला वाटते, तो बरोबर होता. ज्याच्यावर अन्याय झाला, त्याने आपल्या सोयीने क्षमा करावी अशी अपेक्षा करणे हाही जुनाच हक्क गाजवणे आहे. नाकारण्याचा अधिकार शतकानुशतके एकाच बाजूला होता. तो एकदा दुसऱ्या बाजूलाही असू द्यावा. आजोबांनी पाट सरकवला, हे त्यांचे काम झाले. तो बसला नाही, हे त्याचे. दोन्हींत मला कमीपणा दिसत नाही.

मी तो वस्तरा घेतला. नव्याचा विचार सोडला. बाबांच्या देखरेखीखाली पहिल्या दाढीला हनुवटीवर दोन ठिकाणी कापले, तुरटी लावली. आता बरे जमते. रोज सकाळी खोलीत पट्ट्याचा आवाज होतो आणि मित्र पांघरुणातून ओरडतो, "झालं का तुझं?" त्याला माहीत आहे तो वस्तरा कोणाचा आहे, आणि मलाही. म्हणूनच मी नवा घेतला नाही. नवा घेतला असता तर तो निव्वळ शौक झाला असता.

माझ्या बंधुभगिनींना दोनच गोष्टी सुचवतो. आपल्यापैकी पुष्कळजण घरातले पहिलेच महाविद्यालयात आलेले आहोत. प्रत्येकाच्या माळ्यावर काही तरी असेल. कोणाची आरी, कोणाचा माग, कोणाची पाभर, कोणाची डफली. ते खाली काढा. त्याचे कौशल्य विचारा, आणि ते कोणाच्या उपयोगी पडले नाही, हेही विचारा. नुसता अभिमान आणि नुसती लाज, दोन्ही अर्ध्या पात्यासारखी आहेत. एकदा वापरून फेकायची.

दुसरी सूचना सांस्कृतिक मंडळाला. यंदाच्या स्नेहसंमेलनात हशा मिळवण्यासाठी हजामाचे पात्र आणू नये. आणायचेच असेल तर 1890 च्या त्या सभेवर एकांकिका बसवा. लिहून देण्यास मी तयार आहे. वस्तराही माझ्याकडे आहे. लाकडाचा करण्याची गरज पडणार नाही.

— एक विद्यार्थी, बी. ए. द्वितीय वर्ष